सल्ला सदर : स्पर्धकाचा गेम स्टुडिओ विकत घ्यावा का?

प्रश्न : स.न.वि.वि. पुण्यात माझी आणि माझ्या मित्राची मोबाइल गेम तयार करणारी छोटी कंपनी आहे. आम्ही एकूण अठरा जण आहोत. आमचा कॅरमचा गेम सहा वर्षे बऱ्यापैकी चालला. पण दोन वर्षांपूर्वी याच शहरातील दुसऱ्या एका कंपनीने कॅरमचाच गेम आणला आणि आमचे खेळाडू हळूहळू तिकडे वळू लागले. त्यांच्याकडे अकरा जण आहेत. त्यांच्या दोन्ही भागीदारांची पैशांची ओढाताण चालू आहे आणि दोघांच्याही ओळखीच्या एका गृहस्थांमार्फत ‘एक कोटी साठ लाखांत सगळी कंपनी घ्या’ असा निरोप आला आहे. आमच्याकडे साठ लाखांची शिल्लक आहे. उरलेल्या रकमेसाठी माझा राहता फ्लॅट तारण ठेवावा लागेल. माझ्या भागीदाराचे म्हणणे असे, की स्पर्धकच संपला तर खेळाडू आपोआप परत येतील, आणि मोठमोठ्या कंपन्याही हेच करतात. ऑक्टोबरअखेरपर्यंत उत्तर कळवायचे आहे. काय करावे? – एक वाचक, पुणे

उत्तर : निर्णय आधी सांगतो, कारणे नंतर देतो. एक कोटी साठ लाख रुपये मोजून ती कंपनी आत्ता घेऊ नये, आणि फ्लॅट तर मुळीच तारण ठेवू नये. मात्र बोलणी तोडूही नयेत, कारण त्या कंपनीतील एखाद-दुसरी गोष्ट आपल्या खरोखर उपयोगाची असू शकते आणि ती वेगळ्या वाटेने, बऱ्याच कमी पैशांत मिळू शकते.

‘मोठ्या कंपन्याही हेच करतात’ हे आपल्या भागीदारांचे म्हणणे खरे आहे. पण ते करताना त्यांनी काय मोजले आणि काय हाती लागले, हे पाहिल्याशिवाय त्यांचे अनुकरण करण्यात अर्थ नाही. या व्यवसायातील अशी एक हकीकत तारीखवार उपलब्ध आहे आणि ती आपल्या प्रश्नाच्या फार जवळची आहे, म्हणून जरा सविस्तर मांडतो.

फेब्रुवारी २००८ मध्ये अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीने टेक-टू या आपल्या स्पर्धक कंपनीसाठी दर शेअरला २६ डॉलर रोख, एकूण सुमारे दोन अब्ज डॉलर, देऊ केले. प्रस्तावाच्या आधीच्या शुक्रवारी टेक-टूच्या शेअरचा जो बंद भाव होता, त्यापेक्षा ही किंमत ६४ टक्क्यांनी जास्त होती. टेक-टूच्या हाती ग्रँड थेफ्ट ऑटो ही गेमची मालिका होती आणि तिचा चौथा मोठा भाग २९ एप्रिलला बाजारात यायचा होता. टेक-टूच्या संचालक मंडळाने प्रस्ताव नाकारला आणि वर सुचवले, की बोलायचेच असेल तर ३० एप्रिलपासून बोलू. त्या एका तारखेत दोन्ही पक्षांचे सगळे हिशेब होते : ईएला गेम येण्याआधीच्या भावात कंपनी हवी होती, तर टेक-टूला गेम आल्यानंतरच्या भावात बोलायचे होते. मार्चमध्ये ईएने संचालकांना बाजूला सारून थेट भागधारकांपुढे प्रस्ताव ठेवला, त्याची मुदत पुनःपुन्हा वाढवली, पण पुरेसे शेअर काही हाती आले नाहीत. गेम ठरल्या दिवशी आला, पहिल्या आठवड्यात त्याच्या सुमारे ६० लाख प्रती खपल्या आणि ५० कोटी डॉलरची विक्री झाली. अखेर १४ सप्टेंबर २००८ रोजी ईएने माघार जाहीर केली. दुसऱ्याच दिवशी लेहमन ब्रदर्स या अमेरिकेतील बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला आणि आर्थिक संकट जगभर पसरले.

ईएला टेक-टू का हवी होती, हे आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. एक कारण उघडच होते : ग्रँड थेफ्ट ऑटोच्या तोडीची मालिका ईएकडे नव्हती. दुसरे कारण मात्र आपल्या कॅरमसारखेच होते. खेळांवरील गेममध्ये या दोन कंपन्या समोरासमोर उभ्या होत्या आणि त्या झगड्याने ईएचे एकदा चांगलेच नुकसान झाले होते. २००४ मध्ये टेक-टूने सेगा या कंपनीचा अमेरिकन फुटबॉलचा गेम तिच्याबरोबर १९.९९ डॉलरला विकायला काढला, त्या काळी अशा गेमची किंमत पन्नास डॉलरच्या आसपास असे. ईएला आपल्या मॅडन या गेमचा भाव २९.९५ डॉलरपर्यंत खाली आणावा लागला. त्याच डिसेंबरात ईएने अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघटनेशी करार करून संघांची नावे व खेळाडू वापरण्याचा हक्क फक्त आपल्याकडे घेतला, आणि फुटबॉलमधील स्पर्धा एका सहीने संपली. टेक-टूनेही लगेच बेसबॉलच्या बाबतीत जवळपास तसाच करार करून वचपा काढला. उरल्या होत्या त्या बास्केटबॉल आणि आइस हॉकी. टेक-टू विकत घेतली असती तर तिथेही ईएला कोणी विचारणारे राहिले नसते, आणि म्हणूनच बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या व्यवहाराची चौकशी सुरू केली होती.

व्यवहार फिसकटल्यावर बास्केटबॉलचे काय झाले, ते पाहा. २०१० मध्ये ईएला आपला नवा बास्केटबॉल गेम बाजारात येण्याच्या अगदी तोंडावर मागे घ्यावा लागला, कारण तो नीट उतरला नव्हता; टेक-टूचा गेम मात्र वर्षागणिक वरचढ होत गेला आणि आज त्या खेळात त्याचेच राज्य आहे. ‘बघा, तेव्हा विकत घेतले असते तर ही वेळ आली नसती’, असे आपले भागीदार म्हणतील. माझे मत उलटे आहे. एकाच मालकाकडे बास्केटबॉलचे दोन गेम दरवर्षी काढणे कोणालाच परवडले नसते. त्यातील एक बंद झाला असता, आणि बंद कोणता करायचा हे ठरवणारे लोक ईएचेच असते. स्पर्धक विकत घेणारा बहुधा स्वतःचाच गेम वाचवतो, मग तो दोहोंतील कमी प्रतीचा का असेना. आपल्या दोन कॅरमपैकी कोणता चालू ठेवणार, याचा आपल्या पत्रात उल्लेखच नाही. खेळाडू त्यांचा गेम पसंत करत आहेत हे आपणच लिहिले आहे. मग आपला गेम बंद करण्याची आपली तयारी आहे का?

त्या हकीकतीतील आणखी एक धागा सोडून चालणार नाही. ग्रँड थेफ्ट ऑटो तयार करणाऱ्या रॉकस्टार या टेक-टूच्याच स्टुडिओचे प्रमुख, सॅम आणि डॅन हाउझर हे बंधू, यांचे टेक-टूशी असलेले करार २००९च्या सुरुवातीला संपणार होते. म्हणजे ईए दोन अब्ज डॉलर ज्या गोष्टीसाठी देऊ पाहत होती, ती काही महिन्यांतच दार उघडून निघून जाण्यास मोकळी होती. नाव राहिले असते, मालिकेचे हक्क राहिले असते, कोडही राहिला असता. पण पुढचा भाग कोणी लिहायचा, हा प्रश्न उरलाच असता. पुढे २०१३ मध्ये आलेल्या पाचव्या भागाने तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केली, त्यामुळे २००८ चा भाव आज अनेकांना फुकटचा वाटतो. परंतु तो भाग घडवायला रॉकस्टारला लागलेली वर्षे, त्या वर्षांतील विलंब आणि खर्च, मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात एक अब्ज डॉलरहून अधिक तोटा सोसणाऱ्या आणि कर्मचारी कमी करत सुटलेल्या ईएने निमूटपणे दिली असती, असे मानायला मन तयार होत नाही.

ईएचा पूर्वेतिहासही तसा नव्हता. ओरिजिन, बुलफ्रॉग आणि वेस्टवूड हे तीन नावाजलेले स्टुडिओ तिने नव्वदच्या दशकात विकत घेतले आणि पुढील काही वर्षांत तिन्ही बंद पडले. टेक-टूसाठी प्रस्ताव धाडला त्याच महिन्यात, फेब्रुवारी २००८ मध्ये, ईएचे तेव्हाचे प्रमुख जॉन रिचिटिएलो यांनी लास वेगासच्या एका परिषदेत ते तिन्ही स्टुडिओ कंपनीने वाया घालवल्याचे जाहीरपणे मान्य केले होते. दिलगिरी आणि नवी खरेदी एकाच महिन्यात, हे या व्यवसायाला शोभून दिसते.

याउलट, टेक-टूने ग्रँड थेफ्ट ऑटो कशी मिळवली, ते पाहण्यासारखे आहे. १९९८ मध्ये तिने बीएमजी या संगीत कंपनीचा गेम विभाग सुमारे १.४ कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घेतला आणि त्याबरोबर मालिकेचे हक्क आले. गेम घडवणारा स्कॉटलंडमधील डीएमए डिझाइन (पुढे रॉकस्टारचाच भाग झालेला) हा स्टुडिओ तेव्हा दुसऱ्याच कोणाच्या मालकीचा होता; तो टेक-टूने पुढच्या वर्षी, १९९९ मध्ये, सुमारे १.१ कोटी डॉलरला घेतला. आधी हक्क, त्यानंतर गेम घडवणारी माणसे, आणि दोन्ही वेळा पेलवेल एवढीच रक्कम. सोनीने २०१९ मध्ये इन्सोम्नियाक हा स्टुडिओ २२.९ कोटी डॉलरला घेतला, तेव्हा त्या दोघांनी दोन दशके एकत्र काम केलेले होते. आपल्याला जे सुचवणार आहे, ते याच धर्तीचे आहे.

आता आपल्या भागीदारांच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. स्पर्धक संपला तर खेळाडू परत येतील, ही समजूत दुकानदारीच्या जगातील आहे. गल्लीत किराणा मालाची दोनच दुकाने असतील आणि एक बंद झाले, तर गिऱ्हाईक निमूटपणे दुसऱ्याकडे जाते. मोबाइलवर ‘कॅरम’ असे शोधले, की किती गेम समोर येतात ते आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता. त्यातला मिनिक्लिपचा कॅरम पूल हा गेम किती फोनांवर आहे, हेही आपल्याला ठाऊक असणार. आणि मिनिक्लिपमध्ये २०१५ पासून चीनच्या टेन्सेंटची बहुसंख्य मालकी आहे. म्हणजे आपला खरा स्पर्धक पुण्यात नाहीच, आणि जो आहे तो आपल्याला विकत घेता येणार नाही. शेजारच्या कंपनीचा गेम आपण बंद केलात, तर तिचे खेळाडू त्या दिवशी संध्याकाळी कुठे जातील, याचा तर्क करायला सल्लागाराची गरज नाही. त्यातले काही आपल्याकडे येतीलही, पण त्यांच्यासाठी एक कोटी साठ लाख हा भाव फार झाला.

त्यामुळे प्रश्न असा उरतो, की त्या कंपनीकडून आपल्याला नेमके काय हवे आहे, आणि जे हवे आहे ते पैसे दिल्यानंतर आपल्याकडे राहणार आहे का. मला वाटते, त्यांचा गेम आपल्यापेक्षा सरस का ठरला, याचे उत्तर आपण अजून शोधलेले नाही. सोंगट्यांची टक्कर अधिक खरी वाटते का? कमी किमतीच्या फोनवर, कमी नेटवर्कमध्ये दोघांना अडखळल्याशिवाय खेळता येते का? की जाहिराती कमी आहेत, एवढेच? पहिले आणि दुसरे कारण असेल तर ते काम एक-दोन प्रोग्रॅमरांचे असते आणि त्यांची नावे आपल्या माणसांना माहीत असतील, कारण पुण्यातले गेमचे वर्तुळ एवढेसे आहे. तिसरे कारण असेल तर ते आपल्याच हातात आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

त्यांच्या उत्पन्नाचे आकडे पाहताना एक गोष्ट आधी तपासावी. गेल्या तीन वर्षांचे उत्पन्न जाहिरातींतून किती, गेममधील खरेदीतून किती आणि पैसे लावून खेळायच्या स्पर्धांतून किती, हे वेगवेगळे मागावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन गेम बंद केले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. त्यांनी प्रवेश फी घेऊन रोख बक्षिसांच्या कॅरम स्पर्धा चालवल्या असतील, तर ते उत्पन्न पुन्हा येणार नाही आणि किंमत ठरवताना ते शून्य धरावे. आज त्यांची पैशांची ओढाताण होण्याचे कारण तेच तर नाही ना, हेही विचारून घ्यावे.

यानंतर कागदपत्रे. इथे लहान स्टुडिओंचे व्यवहार सर्वाधिक फसतात, म्हणून थोडा रेंगाळतो. कॉपीराइट कायद्यानुसार पगारी नोकराने नोकरीत असताना केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. पण बाहेरच्या फ्रीलान्सरने केलेल्या कामाचे साधारणपणे तसे नाही. बोर्डाची चित्रे कोथरूडच्या एखाद्या चित्रकाराने घरी बसून काढली असतील, सोंगटी खिशात पडल्याचा आवाज आणि पार्श्वसंगीत एखाद्या विद्यार्थ्याने करून दिले असेल, आणि दोघांना यूपीआयने पैसे पाठवून विषय मिटला असेल, तर लेखी हस्तांतरणाअभावी त्या आवाजांचा मालक बहुधा तो विद्यार्थीच आहे, आणि चित्रांच्या मालकीवरूनही वाद उभा राहू शकतो. लेखी हस्तांतरण असले तरी ते नीट वाचावे लागते : त्यात मुदत लिहिली नसेल तर ते पाच वर्षांचेच मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरते. परदेशातील मराठी, गुजराती कुटुंबे कॅरमचे गेम हौसेने खेळतात. त्या खेळाडूंच्या बाबतीत हा मुद्दा नुसता तांत्रिक राहत नाही. तेव्हा प्रत्येक चित्र, प्रत्येक आवाज आणि बाहेरून घेतलेला प्रत्येक कोड कोणी केला, पगारावर की बाहेरून, आणि कागद कुठे आहे, याचा तक्ता त्यांच्याकडून मागावा. तक्ता देता येत नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

त्याच बैठकीत आणखी दोन बाबी विचाराव्यात. गेम प्ले स्टोअरवर कोणाच्या खात्यात आहे, कंपनीच्या की एका भागीदाराच्या वैयक्तिक? गूगलच्या पद्धतीने गेम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नेता येतो आणि त्याबरोबर वापरकर्ते, रेटिंग व अभिप्रायही येतात, पण त्यासाठी मूळ खातेदाराची साथ लागते. आणि गेमवर सही करायची की-फाइल, म्हणजे अपडेट मूळ निर्मात्याचेच आहे हे सिद्ध करणारी डिजिटल किल्ली, कोणाच्या लॅपटॉपवर आहे? ती गूगलकडे सोपवलेली नसेल आणि हरवली असेल, तर त्या गेमला पुढे एकही अपडेट देता येणार नाही, आणि मग आपण विकत घेतलेल्या गोष्टीला केवळ आठवण म्हणून किंमत राहील.

माणसांच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने फार थोडा आहे, हे लक्षात ठेवावे. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे काम करणार नाही, असे कर्मचाऱ्याकडून लिहून घेतले तरी ते करार कायद्याच्या कलम २७ खाली टिकत नाही. व्यवसायाचे नाव आणि लौकिक विकणाऱ्याला मात्र वाजवी मर्यादेत तशी अट घालता येते. याचा अर्थ असा, की त्या दोन भागीदारांना तीन वर्षे कॅरमचा गेम काढू नका असे लिहून देण्यास सांगता येईल; पण ज्या प्रोग्रॅमरने सोंगट्यांची ती टक्कर जमवली, तो दुसऱ्या महिन्यात राजीनामा देऊन हिंजवडीला निघून गेला, तर आपण काहीच करू शकणार नाही. त्यामुळे पैशांचा शब्द देण्याआधी अशा दोघा-तिघांना, त्यांच्या मालकांच्या संमतीने, भेटावे आणि त्यांना पुढची दोन वर्षे काय करायचे आहे हे विचारावे. त्यांच्या भीतीलाही आधार आहे. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही गेम कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घेण्याचा व्यवहार जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाला, नियामकांशी झगडत ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला, आणि जानेवारी २०२४ मध्ये कंपनीच्या गेम विभागातील १,९०० लोकांना कामावरून कमी करण्यात आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने आधी घेतलेला जपानमधील टँगो हा स्टुडिओही बंद केला, ज्याच्या आदल्या वर्षीच्या गेमची सर्वत्र वाहवा झाली होती. ही उदाहरणे गेममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहेत, आपल्या अठरा जणांनाही आणि त्यांच्या अकरा जणांनाही.

तर मग करावे काय? माझी सूचना अशी, की कंपनी घेण्याऐवजी आधी एका वर्षासाठी त्यांचा गेम चालवायला घ्यावा. मालकी त्यांचीच राहील. जाहिराती, अपडेट आणि खेळाडूंच्या तक्रारी आपण पाहाल. उत्पन्नातील ठरावीक वाटा त्यांना दरमहा मिळेल आणि त्यांची ओढाताण कमी होईल. त्याच करारात असे लिहून घ्यावे, की वर्षअखेरीस गेम आणि त्याचे सर्व हक्क आज ठरलेल्या किमतीला घेण्याचा पहिला अधिकार आपला असेल, आणि त्या अधिकारासाठी आपण आज एक लहान रक्कम, समजा पाच-सात लाख, परत न मिळण्याच्या बोलीवर द्याल. मध्येच दुसरा कोणी मोठा ग्राहक आला तर काय, ही शंका रास्त आहे. कोरियाच्या क्राफ्टन या गेम कंपनीने २०२५ मध्ये पुण्याच्याच नॉटिलस मोबाइल या गेम स्टुडिओमधील नियंत्रक हिस्सा ११८ कोटी रुपयांना घेतला, तेव्हा असे ग्राहक पुण्यात येतच नाहीत असे म्हणता येत नाही. ते पाच-सात लाख त्याच धोक्याचा विमा आहेत. आणि ११८ कोटींचा ग्राहक खरोखरच दारात उभा असता, तर ते दोघे एक कोटी साठ लाखांचा निरोप ओळखीच्या गृहस्थांमार्फत पाठवत बसले नसते.

एका वर्षात दोन्ही गेम आपल्या डोळ्यांसमोर चालतील आणि कोणता ठेवायचा, हे वादविवाद न करता ठरेल. त्यांचे दोन-तीन चांगले लोक आपल्या लोकांबरोबर बसतील आणि जुळते की नाही ते कळेल.

त्यांनी ही योजना साफ नाकारली आणि विक्रीचाच आग्रह धरला, तर दोन मर्यादा पाळाव्यात. पहिली, कंपनीचे शेअर घेऊ नयेत. गेम, त्याचे हक्क आणि खाते एवढेच घ्यावे. शेअर घेतले की तिचे जुने कर्ज, राहिलेला जीएसटी, भरायचा राहून गेलेला भविष्यनिर्वाह निधी आणि तीन वर्षांनी येणारी एखादी नोटीस, हे सगळे आपल्या घरी राहायला येते. करार कसा मांडायचा आणि कर किती लागेल, हे सनदी लेखापाल आणि वकील यांनी मिळून ठरवावे, एकट्या लेखापालाने नव्हे. दुसरी मर्यादा रकमेची : साठ लाखांच्या शिल्लकीतून सहा महिन्यांचे पगार बाजूला काढल्यावर जे उरते, तेवढेच. स्पर्धा आयोगाची मंजुरी लागते का, अशी धास्ती कोणी घातली तर ती मनावर घेऊ नये; ४५० कोटींपर्यंत मालमत्ता किंवा १,२५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपनीच्या खरेदीला साधारणपणे त्या मंजुरीतून सूट आहे, आणि आपण दोघेही त्या रकमांपासून सुरक्षित अंतरावर आहात.

काही रक्कम पुढच्या कामगिरीवर अवलंबून ठेवावी, असे आपले लेखापाल सुचवतील. कल्पना चांगली आहे, पण अट अशी असावी, की जी पुरी करणे त्या भागीदारांच्याच हाती असेल : उदाहरणार्थ, वर्षभर ते कामावर राहणे आणि ठरलेले चार अपडेट देणे. नफ्यावर अट बांधली तर भांडण ठरलेले, कारण जाहिरातींवर किती खर्च करायचा आणि गेम कधी काढायचा, हे तेव्हा आपल्या हातात असेल. क्राफ्टनने २०२१ मध्ये अननोन वर्ल्ड्स हा अमेरिकन स्टुडिओ ५० कोटी डॉलर रोख आणि पुढील कामगिरीवर २५ कोटी डॉलरपर्यंत अशा बोलीवर घेतला होता. नवा गेम पुढे ढकलला गेला, जुलै २०२५ मध्ये स्टुडिओच्या प्रमुखांना पदावरून दूर केले गेले आणि प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात पोहोचले. आपल्या व्यवहारात तेवढी शून्ये नाहीत, पण शिवाजीनगरच्या कोर्टातही तारखा पडतातच.

फ्लॅटबद्दल एकच सांगतो. सप्टेंबर २०२५ मध्ये खुद्द ईएच ५५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर झाला आणि त्यातील सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाऊ उभे करायचे ठरले. ते कर्ज फेडायला त्या कंपनीकडे दरवर्षी हमखास खपणारे फुटबॉलचे गेम तरी आहेत. आपल्याकडे उतरत्या उत्पन्नाचा एक कॅरम आहे आणि विकत घ्यायचा आहे तोही कॅरमच. एकाच लाटेवर दोन्ही गेम खाली आले, तर हप्ता भरायला तिसरे काहीच नाही. एवढे सगळे वाचूनही आपल्या भागीदारांना खरेदीच हवी असेल, तर त्यांनी स्वतःच्या घरावर किती कर्ज काढायची तयारी ठेवली आहे, हे त्यांना विचारावे. आपल्या पत्रात फक्त आपल्याच फ्लॅटचा उल्लेख आहे.

ऑक्टोबरअखेरीची मुदत त्यांनी घातली आहे, आपण नव्हे. तोवर ‘घेतो’ किंवा ‘नको’ असे कळवण्याऐवजी प्रत्यक्ष भेटीची तारीख मागावी आणि त्या भेटीला मधले गृहस्थ नसावेत. व्यवहार झाला तर त्यांना काय मिळायचे आहे, हे दोन्ही बाजूंना ठाऊक नसते तेव्हा रकमा हमखास गोल आकड्यांत येतात. भेटीआधी गुप्ततेचा दोन पानी करार करून घ्यावा, म्हणजे ते आकडे मोकळेपणाने दाखवतील. आपल्या अठरा जणांना मात्र भेट झाल्यावर लगेच, बाहेरून कळण्याच्या आत, आपणच सांगावे.